अंतर ज्याला ठाऊक, भाव त्याचा

आपल्याकडे कोणी उज्जैनला निघाले की घरात तीन प्रश्न हमखास विचारले जातात. गाडी किती वाजता, उतरायचे कोठे आणि खर्च किती. चौथा प्रश्न कोणी विचारीत नाही. गावात पोहोचल्यावर हिंडायचे कसे? हा प्रश्न न विचारल्यामुळे किती पैसा जातो, आणि पैशाहून मोलाचे काय काय जाते, याचा ताळेबंद मांडावा म्हणून हा लेख. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी ताळेबंदाशिवाय दुसरे काय मांडणार, असे कला शाखेतील मित्र म्हणतील. म्हणोत बापडे.

माझी एक आत्या आहे. भिशीचे पैसे साठवून साठवून ती तीन वर्षांनी एका यात्रा कंपनीच्या बसमधून उज्जैनला गेली. आयुष्यातला एवढाच एक लांबचा प्रवास. परत आल्यावर मी विचारले, 'क्षिप्रा नदी देवळापासून केवढ्या अंतरावर आहे गं?' ती म्हणाली, 'कोण जाणे बाबा, गाडीतून उतरवले, हातपाय धुतले, परत गाडीत बसवले. चार तासांत नऊ ठिकाणे केली.' नऊ ठिकाणे 'केली', हा शब्द तिचाच. ठिकाणे पाहायची असतात, करायची नसतात, हे तिला सांगण्याचे धाडस मला झाले नाही. पण गेल्या डिसेंबरात आईला घेऊन चार दिवस उज्जैनला राहिलो, तेव्हा कळले की आत्याचा यात काही दोष नाही. तिला त्या गावाचा साधा आराखडा कोणी सांगितलाच नव्हता.

तो आराखडा प्रथम सांगतो. तत्पूर्वी आपल्या कानडी मित्रांसाठी एक खुलासा. आपल्या भागात 'उज्जिनी' म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे विजयनगर जिल्ह्यातील कोट्टूरजवळचे उज्जिनी येते, जेथे वीरशैवांच्या पंचपीठांपैकी एक पीठ व मरुळसिद्धेश्वराचे मंदिर आहे. तेही गाव जरूर पाहावे. पण मी लिहितो आहे ते माळव्यातील उज्जैनविषयी, बारा ज्योतिर्लिंगांपैकी महाकालेश्वर जेथे आहे त्या गावाविषयी. आपल्याकडून जाणाऱ्याने पुण्याला किंवा मुंबईला गाडी बदलावी. मुंबई सेंट्रलहून सुटणारी अवंतिका एक्स्प्रेस उज्जैनवरून जाते. इंदूरपर्यंत गेल्यास तेथून सडकेने सुमारे ५५ किलोमीटर पडतात.

आता गावाचा आराखडा. उज्जैनचे तीन भाग मनात धरावे. पहिला भाग म्हणजे जुने गाव. रेल्वे स्टेशन आणि त्याच्या जवळच असलेला देवास गेटचा बसथांबा एका टोकाला, आणि महाकालाचे देऊळ तेथून साधारण दोन किलोमीटरवर. देवळापासून पाच-सात मिनिटे चालले की हरसिद्धी, आणखी पाच मिनिटांवर क्षिप्रेचा रामघाट. दुसऱ्या अंगाने बाजारातून पाव तास चालत गेले की गोपाळ मंदिर. म्हणजे गावाचे काळीज असे जे आहे, ते सारे पायी चालण्याच्या टप्प्यात आहे. दुसरा भाग उत्तरेकडचा. गढकालिका, भर्तृहरीची गुंफा, काळभैरव, सिद्धवट, मंगळनाथ आणि सांदीपनी आश्रम ही ठिकाणे एका फेऱ्यात येतात. हा फेरा पायी होणार नाही, त्याला वाहन हवे. तिसरा भाग नैर्ऋत्येकडचा. तिकडे वेधशाळा, आणि पुढे चिंतामण गणेश. एवढे तीन भाग बोटांवर मोजता आले की निम्मे काम झाले.

स्टेशनाबाहेर पाऊल ठेवताच तुम्हाला सांगितले जाईल की देऊळ फार लांब आहे, सर्व ठिकाणे मिळून अमुक एक रक्कम पडेल, आणि आताच बसा, नाहीतर दर्शन बंद होईल. बोलणारा मनुष्य वाईट असतो असे मी म्हणत नाही. त्याच्या रिक्षाचे रोजचे भाडे मालकाला द्यायचे असते, बॅटरी भरायची असते, आणि गिऱ्हाईक मिळाले नाही तर तो दिवस तोट्यात जातो. त्याचाही हिशेब आहे. पण सौदा सारखा नाही. अंतर त्याला ठाऊक आहे, तुम्हाला नाही. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच दाखवले, की विकणाऱ्याला माहिती जास्त आणि घेणाऱ्याला कमी असली म्हणजे सारा बाजारच बिघडतो. २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे हे काम होते. आपल्या आज्या हेच 'अडला हरी' म्हणून सांगत आल्या, त्यांना कोणी पारितोषिक दिले नाही एवढेच!

यावर उपाय भांडणाचा नव्हे, माहितीचा आहे. उज्जैनमध्ये इ-रिक्षा आणि मॅजिक गाड्या दोन रीतींनी चालतात. एक 'सवारी'ने, म्हणजे माणशी ठरलेले भाडे आणि वाटेत इतरही बसणार. दुसरी 'पूरी गाडी', म्हणजे सर्व गाडी तुमची. बसण्यापूर्वी 'सवारी की पूरी?' हा एक प्रश्न विचारावा. नवखा मनुष्य हा प्रश्न विचारीत नाही, आणि म्हणूनच तो नवखा आहे हे कळते. दुसरे, भाडे स्टेशनाच्या दारात ठरवू नये. पन्नास पावले पुढे रस्त्यावर यावे, एखाद्या चहावाल्याला किंवा दुकानदाराला 'महाकाल तक सवारी का क्या लगता है?' असे विचारावे, मग गाडीला हात करावा. ज्याला तुम्हाला काही विकायचे नाही, त्याने सांगितलेला भाव खरा असतो. तिसरे, उत्तरेकडच्या फेऱ्यासाठी पूरी गाडी करावी, पण ठिकाणांची नावे, प्रत्येक ठिकाणी थांबण्याचा वेळ आणि परत कोठे सोडणार हे आधी बोलून घ्यावे.

भाषेचीही एक गंमत सांगतो. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्याला वाटते की हिंदी आपल्याला येतेच. पण माळव्यात रस्ता विचारला की उत्तर येते, 'सीधे हाथ पर मुड जाना.' आपण 'सीधे' म्हणजे सरळ असे धरून नाकासमोर चालू लागतो. वास्तविक सीधा हाथ म्हणजे उजवा हात, आणि उलटा हाथ म्हणजे डावा. कानडीत सांगायचे तर सीधा हाथ म्हणजे बलगडे, उलटा हाथ म्हणजे एडगडे. तसेच 'कल' हा शब्द काल आणि उद्या या दोहोंनाही चालतो, तेव्हा आरतीची किंवा गाडीची वेळ ठरवताना वार आणि तारीख बोलावी. अशा दोन-चार गोष्टी शाळेच्या पुस्तकात नसतात, पण भर उन्हात अर्धा मैल वाचवतात.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, त्यावर नकाशा आहे, मग हे पुराण कशाला? प्रश्न रास्त आहे. पण नकाशा रस्ता दाखवतो, रीत दाखवीत नाही. सणावाराला कोणते रस्ते वाहनांना बंद आहेत हे पुष्कळदा जागेवर गेल्यावरच कळते. शिवाय डिसेंबर २०२२ मध्ये महाकालाच्या देवळात मोबाइल नेण्यास बंदी झाली. मोबाइल बाहेर ठेवून आत शिरलेल्या कुटुंबातील माणसे रांगेत पांगली म्हणजे काय होते, ते मी डोळ्यांनी पाहिले. एक वृद्ध गृहस्थ बाहेरच्या बाजूला तासभर बसून होते. मुलाचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये, आणि तो मोबाइल मुलाच्या पिशवीत! म्हणून देवळात शिरण्यापूर्वी पुन्हा भेटण्याची जागा ठरवावी, आणि वडीलधाऱ्यांच्या खिशात वा कनवटीला कागदावर नंबर व उतरण्याच्या जागेचे नाव लिहून द्यावे. ही गोष्ट साधी आहे, म्हणूनच ती कोणाला सुचत नाही.

आता वेळेविषयी. भस्मारती पहाटे चारच्या सुमारास असते व तिला आधी परवानगी काढावी लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते असे की तेथला श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. आपण कालनिर्णय पाहून 'श्रावणाआधी गर्दी नसेल' म्हणून निघावे, तर तेथे श्रावणी सोमवारांची गर्दी उसळलेली. उलट महाकालाची सवारी श्रावण संपल्यावर भादव्याच्या पहिल्या पंधरवड्यातील सोमवारीही निघते. तो पंधरवडा मराठी व कानडी पंचांगाप्रमाणे श्रावणच असतो. हा मराठी राजवटीचा ठसा, असे तेथील जाणती माणसे सांगतात. नागपंचमी आणि महाशिवरात्र हे दिवस तर म्हाताऱ्या माणसांनी टाळलेलेच बरे. देवळाच्या वरच्या मजल्यावरील नागचंद्रेश्वर वर्षातून नागपंचमीलाच उघडतो, त्यामुळे त्या दिवशी रांगेला अंत नसतो.

मराठी ठशाचा विषय निघालाच आहे, तर त्याविषयीही लिहितो. इल्तुतमिशाच्या तेराव्या शतकातील स्वारीत उद्ध्वस्त झालेले महाकालाचे देऊळ अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी पुन्हा उभे केले. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला मुक्काम हलवीपर्यंत उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. गोपाळ मंदिर दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई यांनी बांधले. हरसिद्धीच्या अंगणात शिरलात की दोन उंच दीपमाळा दिसतात, आणि आपल्या जेजुरीची वा सौंदत्तीची आठवण व्हावी असे वाटते. हिंदीतील थोर कवी गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरातले, उज्जैनमध्ये शिकले व राहिले. भीमबेटकाची चित्रित गुहाघरे १९५७ मध्ये उजेडात आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर उज्जैनचेच. पण हे सारे 'आपले' म्हणून छाती फुगवण्यासाठी सांगत नाही. यातले गोपाळ मंदिर आणि हरसिद्धी ही ठिकाणे पायी फिरणाऱ्यालाच भेटतात, म्हणून सांगतो. गाडीतून ती 'आणखी एक देऊळ' एवढीच दिसतात.

वेधशाळेची गोष्ट तर याहून बोलकी. माळव्याचा सुभेदार असलेल्या सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात पाच वेधशाळा बांधल्या. दिल्ली, जयपूर, वाराणसी, मथुरा आणि उज्जैन. मथुरेची आता उरली नाही. उज्जैनची माधवराव शिंद्यांनी १९२३ साली दुरुस्त करविली. प्राचीन ज्योतिषशास्त्रात मध्यरेषा उज्जैनवरून धरली जाई, आजच्या ग्रिनिचचे जे स्थान ते त्या काळी आपल्याकडे उज्जैनचे. कर्कवृत्त गावाच्या थोडे उत्तरेला असल्यामुळे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात भर मध्यान्ही शंकुयंत्राची सावली जवळजवळ नाहीशी होते. सम्राटयंत्राच्या कडेची सावली पाहून घड्याळाशिवाय वेळ सांगता येते. आम्ही तेथे दीड तास होतो. तेवढ्यात आमच्याखेरीज फक्त एका शाळेची मुले आली. आईचे शिक्षण सातवीपर्यंतचे, पण सावलीवरून वेळ काढण्याची रीत तिला तेथल्या माणसाने एकदा सांगताच समजली, आणि मग तिने ती मला पुन्हा समजावून दिली! चार तासांत नऊ ठिकाणे करणाऱ्या गाडीच्या यादीत वेधशाळा क्वचितच असते, कारण तेथे नारळ फुटत नाही आणि प्रसाद मिळत नाही.

आता विरुद्ध बाजूचा विचार. वृद्धांना, गुडघे दुखणाऱ्यांना, एकट्या बायकांना यात्रा कंपनीची बसच सोयीची, असे पुष्कळांचे मत आहे. ते मी अर्धे मान्य करतो. लांबच्या प्रवासाला सोबत हवी, रात्री-अपरात्री उतरण्याला सोय हवी, आणि उत्तरेकडच्या फेऱ्याला गाडी हवी. परंतु सोय म्हणजे घाई नव्हे. म्हातारे माणूस हळू चालते, म्हणून त्याला कमी ठिकाणे आणि जास्त वेळ हवा. आपण नेमके उलट करतो, त्याला जास्त ठिकाणे आणि कमी वेळ देतो. चार तासांत नऊ ठिकाणे म्हणजे वाहनातला वेळ वजा जाता एकेका ठिकाणाला वीस मिनिटेही येत नाहीत, आणि त्यातली निम्मी चपला काढण्या-घालण्यात जातात. यात्रा कंपन्यांनी कार्यक्रमात एक मोकळी संध्याकाळ ठेवली आणि हातात गावाचा साधा नकाशा दिला, तर त्यांच्या खर्चात फारशी भर पडणार नाही. गिऱ्हाइकाने मागितले तर त्या देतीलही. आपण मागत नाही.

मुक्कामाचा सल्ला काही माझ्या पदरचा नव्हे. तो कालिदासाचा आहे. मेघदूतातील यक्ष रामगिरीवरून मेघाला उत्तरेला धाडतो. आपल्या नागपूरजवळचे रामटेक ते हेच, अशी समजूत आहे. उज्जयिनी त्या वाटेवर नाही, तरी वाट वाकडी करून ती पाहा, असे तो सांगतो. महाकालाच्या देवळी दुसऱ्या कोणत्या वेळी पोहोचलास तरी सूर्यास्तापर्यंत थांब, सायंपूजा पाहा, रात्र एखाद्या घराच्या छपरावर काढ आणि सकाळी पुढे हो, असेही तो सांगतो. पत्नीच्या विरहाने व्याकूळ झालेला मनुष्य, ज्याला निरोप पोहोचवण्याची घाई असावी, तोदेखील दूताला एक रात्र राहायला सांगतो. आणि आपली बस चार तासांत निघते!

शहराकडूनही काही मागावेसे वाटते. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकाल लोकाचे उद्घाटन झाले. नऊशे मीटरहून लांब असा तो प्रशस्त मार्ग, १०८ स्तंभ, मूर्ती, रोषणाई. गर्दी वाढली, आणि २०२८ साली सिंहस्थ येत आहे. २०१६ च्या सिंहस्थात महिनाभर किती लोटले असतील याची कल्पना तेथील घाटांची लांबी पाहिली की येते. अशा वेळी भव्य कमानींइतकीच गरज असते ती साध्या खांबांची. लंडनसारख्या महानगरात पायी चालणाऱ्यांसाठी रस्तोरस्ती नकाशाचे खांब उभे आहेत, आणि त्यांवर वर्तुळ काढून दाखवलेले असते की येथून पाच मिनिटांत कोठवर चालत जाल आणि पंधरा मिनिटांत कोठवर. परक्याला त्या शहरात कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. असे पंचवीस खांब उज्जैनच्या जुन्या गावात उभारले, 'हरसिद्धी, चालत ७ मिनिटे' एवढेच लिहिले, तर यात्रेकरूचा पैसा वाचेल आणि गर्दी एकाच मार्गात न कोंडता बाजारपेठांतून पसरेल. गोपाळ मंदिराजवळच्या छोट्या दुकानदाराला आणि भैरवगडच्या बाटिक छापणाऱ्या कारागिरालाही गिऱ्हाईक दिसेल. पायी चालणारा प्रवासी दहा ठिकाणी दहा रुपये खर्च करतो, गाडीतला प्रवासी एकाच ठिकाणी शंभर. गावाच्या अर्थव्यवस्थेला यांतला कोणता बरा, हे वाणिज्य शाखेबाहेरच्यांनाही सांगायला नको.

दुसऱ्या गावाला शहाणपण शिकवताना आपल्या गावाकडे पाहावे हे बरे. आपल्या बेळगावच्या स्टेशनावर उतरलेल्या परक्या माणसाला किल्ला किंवा त्यातील कमल बस्ती चालत किती मिनिटांवर आहे, हे कोणती पाटी सांगते? पाटी कोणत्या भाषेत असावी यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडत आलो. पाटीवर अंतर लिहिलेले असावे, अशी मागणी मात्र मराठीतून कोणी केली नाही आणि कानडीतूनही नाही. परक्याला दोन्ही भाषा सारख्याच परक्या, पण आकडा आणि बाण त्याला कळतो.

म्हणून माझी एक छोटी सूचना आहे. आपल्या महाविद्यालयात दरवर्षी कोणी ना कोणी घरच्यांबरोबर काशीला, उज्जैनला, पंढरपूरला, श्रीशैलला जाऊन येते. अशा प्रत्येकाने परत आल्यावर एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार गोष्टी लिहाव्या: गावाचे भाग किती, पायी काय काय होते, भाडे विचारण्याची रीत कोणती, आणि कोणते दिवस टाळावे. कागदाच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी. ग्रंथालयात एक पेटी ठेवली की दोन-तीन वर्षांत गावोगावची कार्डे जमतील. त्यासाठी समिती नको, वर्गणी नको, उद्घाटनही नको. उज्जैनचे कार्ड दोन्ही भाषांत लिहून मी ग्रंथपालांकडे दिले आहे. श्रीशैलला या सुट्टीत कोण जाणार आहे?